आडवा शब्द चौदा : ‘होय’ जुना कधी झाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारच्या आपल्या शब्दकोड्यात आडव्या चौदाला सूचना होती : ‘होकारार्थी जुना शब्द (२)’. मी वाचल्याबरोबर पेन्सिलीने ‘व्हय’ लिहून टाकलं. दोन चौकोन, दोन अक्षरं, शंकेला जागा नाही. मग त्याच पहिल्या चौकोनातून खाली उतरणाऱ्या शब्दाची सूचना पाहिली : ‘फाल्गुनात पेटते’. आता ‘व्ह’पासून सुरू होणारं काहीही फाल्गुनात पेटत नाही. खोडलं, ‘हो’ लिहिलं, होळी बसली आणि चौदा आडवा झाला ‘होय’. बुधवारी आपण उत्तर छापलंत तेही तेच.

कोडं सुटलं, पण मी दिवसभर धुमसत राहिले. ‘व्हय’ला कुणी जुना म्हटलं तर मी समजू शकते. ‘होय’ जुना कधी झाला?

मी कोण हे आधी सांगते, म्हणजे माझा या शब्दाशी संबंध काय ते कळेल. मी ठाणे जिल्ह्यातल्या न्यायालयांत चौतीस वर्षं मराठी स्टेनो होते. आधी खडखडणाऱ्या टाइपरायटरवर आणि शेवटची वर्षं संगणकावर, पण काम एकच : साक्षीदार बोलतो ते कागदावर उतरवायचं. पालघर २०१४ साली वेगळा झाला. त्याआधी आमचा जिल्हा मोखाडा-जव्हारपासून बेलापूरपर्यंत पसरलेला होता. त्यामुळे एकाच आठवड्यात वारली, कातकरी, आगरी, कोळी, भिवंडीचे विणकर, उल्हासनगरचे सिंधी दुकानदार, मुलुंडकडून आलेले गुजराती, सगळ्यांचे होकार माझ्या कानावरून गेले आहेत. कुणी ‘हा’, कुणी ‘हां जी’, कुणी ‘व्हय सायेब’, नागपूरकडचा एक जमादार ‘हाव ना’. कुणी नुसतीच मान हलवायचं. मग न्यायाधीश म्हणायचे, ‘‘मान हलवू नका, तोंडाने सांगा. या बाईंना मान टाइप करता येत नाही.’’ एकदा एका तमिळ साक्षीदाराने मान अशी काही डोलावली की सरकारी वकिलांना ती होकाराची वाटली आणि बचावाच्या वकिलांना नकाराची. दहा मिनिटं त्या एका मानेवर गेली.

बोलणारा काहीही म्हणो, कागदावर एकच शब्द जायचा : होय. ‘दोषारोप वाचून व समजावून सांगितला. समजला काय? उत्तर : होय. गुन्हा कबूल आहे काय? उत्तर : नाही.’ ही वाक्यं मी किती वेळा टाइप केली याची गणती नाही. ‘हो’ हा शब्द मी त्या जागी एकदाही टाइप केला नाही. शिरस्तेदारांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, ‘‘बाई, हो घरी. इथं होय.’’

त्या वेळी मला हा नुसता सरकारी रुबाब वाटला होता. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, कोरेगावच्या बाजूचं. लग्न होऊन चरईत आले तेव्हा तोंडात ‘व्हय’ होतं. सासूबाई चांगल्या होत्या, पण चारचौघांत मी ‘व्हय’ म्हटलं की त्या हळूच ‘हो म्हणावं’ असं पुटपुटत. मी घरात ‘हो’ शिकले, कोर्टात ‘होय’ शिकले आणि वर्षातून दोनदा माहेरी जाऊन ‘व्हय’ म्हणून यायचे. एका शब्दाचे तीन कपडे. पण अंग एकच, हे मला फार उशिरा कळलं.

निवृत्तीनंतर मी आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसू लागले. १८९३ पासूनची संस्था, ठाणेकरांना सांगायला नको. तिथे शब्दांच्या मुळांचे कोश वाचायची सवय लागली. संस्कृतात ‘भवति’, प्राकृतात त्याचं झालं ‘होइ’, त्यावरून मराठीत आलं ‘होय’. म्हणजे ‘होय’ हे मुळात क्रियापद. ‘होणे’ या धातूचं रूप. ‘होतं, घडतं, आहे’ असा त्याचा अर्थ. तुकोबा ‘तुका म्हणे होय मनासी संवाद’ म्हणतात तेव्हा ते कुणाला होकार देत नाहीत. मनाशी संवाद घडतो एवढंच सांगतात. आणि आपण आजही शाळेच्या पुस्तकात ‘गोदावरी ही महाराष्ट्रातील सर्वांत लांब नदी होय’ असं लिहितो, तिथेही हाच ‘होय’ वाक्याच्या शेपटीला शांतपणे बसलेला असतो. त्याचं उलट ‘नव्हे’, तेही याच घरातलं.

म्हणजे कुणी विचारलं, ‘तुम्ही फिर्यादीला ओळखता?’ आणि आपण ‘होय’ म्हटलं, तर आपण नुसती मान डोलावत नाही. ‘ते तसं आहे’ असं अख्खं वाक्य बोलतो, फक्त दोन अक्षरांत. नंदीबैलाला मान डोलावता येते. होय म्हणता येत नाही.

पसायदानातसुद्धा हेच आहे, आणि हे माझं मला सापडलं म्हणून जरा मिरवते. ज्ञानेश्वर इतकं सगळं मागतात, मग त्यांना होकार कोणत्या शब्दात मिळतो? ‘येथ म्हणे श्रीविश्वेश्वरावो । हा होईल दानपसावो’. ‘होईल’. ज्या धातूतून आपला होकार आला त्याच धातूने गुरूंनी हो म्हटलं. इतकी वर्षं मी पसायदान म्हणत आले आणि हे लक्षात यायला साठी उलटावी लागली.

आमच्या कोर्टात एक वकील होते, मूळचे धारवाडचे. त्यांना मी एकदा विचारलं की तुमच्याकडे होय ला काय म्हणतात. ‘‘हौदु,’’ ते म्हणाले. मी म्हटलं, आमच्यावरून घेतलंत! ते हसले. म्हणाले, ‘‘नाही बाई, आमचं जुनं रूप अहुदु. आगु म्हणजे होणे, त्यातून आलेलं. तुमचं भवति वेगळं, आमचं आगु वेगळं. पण दोघांनीही होकारासाठी ‘होणे’च निवडलं.’’ पुढे कळलं की तेलुगूचं ‘अवुनु’ आणि तमिळचं ‘आम्’ हीदेखील होण्याच्याच क्रियापदातून आलेली. उत्तरेकडे ‘हां’ आहे, ‘हा’ आहे. दक्षिणेकडे ‘होतं, घडतं’. मराठीने हा शब्द घेतला घरातला, प्राकृतातला, पण वळण दक्षिणेच्या शेजाऱ्यांसारखं दिलं. आपण कुठल्या दोन जगांच्या उंबऱ्यावर उभे आहोत ते या एका शब्दावरून दिसतं. असा शब्द आपण ‘जुना’ म्हणून चौकोनात कोंबलात.

आता माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगते, कारण ‘होय’ची खरी गुंतागुंत मला तिथे कळली. कोर्ट कोणतं ते सांगत नाही. चोरीचा खटला होता, साक्षीदार एक रखवालदार. उलटतपासणीत वकिलांनी विचारलं, ‘‘म्हणजे त्या रात्री तुम्ही गेटवर नव्हतात?’’ साक्षीदार म्हणाला, ‘‘होय साहेब.’’ त्या काळी साक्ष मराठीत आणि न्यायाधीशसाहेबांची टिपणं इंग्रजीत असा दुहेरी मामला असे. साहेबांच्या तोंडून इंग्रजीत निघालं की होय, मी होतो. माझी बोटं थांबली. स्टेनोने मध्ये बोलायचं नसतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण बोटं थांबली की खोलीत शांतता होते आणि शांतता झाली की सगळे स्टेनोकडे बघतात. साहेबांनीही बघितलं. मग त्यांनी स्वतःच परत विचारलं, ‘‘होय म्हणजे होता की नव्हता?’’ रखवालदार वैतागून म्हणाला, ‘‘होय म्हणजे नव्हतो. वकीलसाहेब बरोबर म्हणतायत!’’

मराठी माणूस नकारार्थी प्रश्नाला ‘होय’ म्हणतो तेव्हा तो समोरच्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो. ‘तुम्ही जेवला नाहीत?’ ‘हो, नाही जेवलो.’ इंग्रजी माणूस अशा वेळी ‘नो’ म्हणतो. त्याचा रोख आपण जेवलो की नाही याकडे असतो, प्रश्नाकडे नसतो. रखवालदाराचं ‘होय’ शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं असतं, तर तो गेटवर हजर होऊन बसला असता.

चहाच्या सुट्टीत साहेबांनी मला चेंबरमध्ये बोलावलं. वाटलं, आता बोलणी खायची. पण ते इंग्रजी वाचनाचे शौकीन, खुशीत होते. म्हणाले, इंग्रजीतही पूर्वी ही सोय होती. होकाराला दोन शब्द होते, ‘ये’ आणि ‘येस’. सरळ प्रश्नाला ‘ये’. नकारार्थी प्रश्न खोडून काढायचा असेल तर ‘येस’. नकारालाही तसेच दोन. पुढे इंग्रजांनी निष्काळजीपणा केला आणि चाराचे दोन राहिले. ‘येस’ हा शब्दसुद्धा ‘ये’ला ‘असो, तसं होवो’ अशा अर्थाचं क्रियापद चिकटून झाला असावा, असं अभ्यासक मानतात, असं ते म्हणाले. म्हणजे तिथेही शेवटी होणेच!

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी विसरलेले नाही. १५३२ साली सर थॉमस मोअर या इंग्लंडच्या बड्या कायदेपंडिताने बायबलचा भाषांतरकार विल्यम टिंडेल याला जाहीरपणे झापलं, की याला नकाराचे दोन शब्द कुठे कोणता वापरायचा तेही कळत नाही. गंमत म्हणजे नियम समजावताना मोअरसाहेब स्वतःच एका ठिकाणी उलटं लिहून बसले. पुढे राजाने एक शपथ घ्यायला लावली, तिला मोअरने होय म्हटलं नाही, आणि १५३५ साली त्याचं डोकं उडवलं. टिंडेललाही पुढच्या वर्षी ठार केलं. साहेब चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही आज बोटं थांबवलीत ते बरं केलंत. पण दर वेळी थांबवू नका.’’

माझे सासरे पहाटे उपनिषदं वाचत. त्यांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, आपल्याकडेही आहे. छांदोग्यात सुरुवातीलाच ‘ओम्’ला अनुज्ञेचं अक्षर म्हटलंय, माणूस कशाला मान्यता देतो तेव्हा ‘ओम्’ म्हणतो. आणि बृहदारण्यकात शाकल्य याज्ञवल्क्याला विचारतो, देव किती? तो सांगतो तीन हजार तीनशे सहा. शाकल्य म्हणतो ‘ओम्’, आणि लगेच परत विचारतो, खरे किती? तेहतीस. ओम्. खरे किती? सहा. ओम्. तीन, दोन, दीड, एक. मी म्हटलं, ही तर उलटतपासणी झाली! साक्षीदाराला ‘बरोबर, बरोबर’ म्हणत घेत जायचं आणि प्रश्न तोच. सासरे म्हणाले, हो, पण शेवटी याज्ञवल्क्याने उलट विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शाकल्याला येत नाही आणि त्याचं डोकं गळून पडतं. होकाराच्या शब्दांचं आणि डोक्यांचं काहीतरी वैर दिसतं.

नकारार्थी प्रश्न खोडायला मराठीत सुटा शब्द नाही असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. माझी लेक फ्रान्समध्ये तुलूझला असते. तिच्या चार वर्षांच्या मुलीला ती व्हिडिओ कॉलवर विचारत होती, ‘तू दूध प्यायली नाहीस ना?’ प्रश्न मराठी, पण ती ठणकावून म्हणाली, ‘‘सी!’’ लेक म्हणाली, आई, फ्रेंचमध्ये असं असतं. साध्या होकाराला ‘वी’, पण कुणी ‘नाही ना’ म्हटलं आणि ते खोडायचं असेल तर ‘सी’. म्हणजे इंग्रजांनी टाकलेली सोय शेजाऱ्यांनी जपून ठेवली आहे. मी विचार करत बसले आणि मग मला माझ्याच तोंडात उत्तर सापडलं. ‘तू दूध प्यायली नाहीस ना?’ ‘प्यायले की!’ तो ‘की’! तोच आपला ‘सी’. ‘आला नाहीत?’ ‘आलो की!’ वेगळा शब्द नाही, क्रियापद परत म्हणायचं आणि मागे एक ठसका लावायचा. कोर्टात मात्र हा ‘की’ कधीच कागदावर गेला नाही. साक्षीदार ‘होतो की सायेब’ म्हणाला तरी आम्ही लिहिलं, ‘मी हजर होतो’.

लेकीनेच आणखी एक सांगितलं. ती राहते त्या सगळ्या मुलखाची जुनी ओळखच होकाराच्या शब्दावरून आहे. तिथली जुनी भाषा होकाराला ‘ओक्’ म्हणायची, लॅटिनमधल्या ‘हे’ या अर्थाच्या शब्दावरून. म्हणून ती ‘ओक्’ची भाषा. उत्तरेकडे ‘ओईल’ म्हणत, त्याचंच पुढे ‘वी’ झालं. इटलीत ‘सी’. दांते या कवीने सातशे वर्षांपूर्वी भाषांची वाटणी होकारावरून केली होती. आपण तशी केली तर कोरेगाव ‘व्हय’चा मुलूख, चरई ‘हो’चा, कोर्टनाका ‘होय’चा. धारवाडचे वकील ‘हौदु’चे. अर्थात सगळ्यांना असा शब्द लागतोच असं नाही. आयरिश भाषेत होकाराला सुटा शब्दच नाही म्हणे, क्रियापदच परत म्हणतात. आपणही निम्म्या वेळा तेच करतो. ‘येणार?’ ‘येणार.’

संपादक महोदय, मी मूळ मुद्दा विसरलेले नाही. जुना शब्द म्हणजे जो वापरातून गेला तो. महापालिकेच्या अर्जात ‘होय/नाही, लागू नसेल ते खोडा’ असं छापलेलं असतं. बँकेच्या यंत्रात पैसे काढताना मराठी निवडलं तर पुढे येतं ‘होय’. माझ्या मोबाइलवर काही पुसून टाकायचं असेल तर तो विचारतो आणि खाली दोन बटणं दाखवतो, त्यातलं एक ‘होय’. नातवाला विचारलं, तू होय कधी म्हणतोस का? तो म्हणाला, ‘‘आजी, मी म्हणत नाही, मी दाबतो.’’ हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. माणसं ‘हो’, ‘ओके’, ‘येस’, ‘डन’ म्हणतात आणि ‘होय’ म्हणायचं काम यंत्रांवर आलं आहे. पण म्हणून तो जुना? रोज लाखो बोटं ज्या शब्दावर पडतात तो जुना?

जुने होकार वेगळे आहेत आणि कोड्यात घालायला उत्तम आहेत. ‘जी’ घ्या. लीळाचरित्रात भक्त ‘जी जी’ म्हणून बोलायला सुरुवात करतात, आणि पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी रं जी’ करतात, तो एक प्रकारचा हुंकारच. चौकोन एकच लागेल, तेवढी अडचण. ‘बाढम्’ घ्या, संस्कृत नाटकात पात्रं ‘ठीक, नक्की’ अशा अर्थाने म्हणतात. ‘होयबा’ घालायला हरकत नाही. तो काही जुना नाही, उलट सध्या तेजीत आहे.

तेव्हा विनंती एवढीच की चौदा आडव्याच्या सूचनेतला ‘जुना’ हा शब्द चुकीचा होता असं एका ओळीत छापावं. ‘होकारार्थी शब्द (२)’ एवढं पुरे होतं. ‘व्हय’ही त्यात बसलं असतं, मग होळीने निकाल लावला असता.

कोड्याचं कात्रण सोबत जोडलं आहे. पेन्सिलीने खोडलेलं ‘व्हय’ त्यात अजून पुसट दिसतं, त्याकडे दुर्लक्ष करावं. उत्तर मी मुदतीत पाठवलं होतं, आणि सोडतीत नाव निघालं तर बक्षीस नाकारणार नाही.

आपली,
एक निवृत्त स्टेनो
चरई, ठाणे (पश्चिम)